डाव्या पायाची पात

१६ एप्रिल, बुधवार

ठवरे मॅडमनी रोजचा व्यायाम लिहून ठेवायला सांगितला आहे. त्यांना दाखवायची वही वेगळी केली. ही माझी.

साकोलीच्या दवाखान्यात त्या फक्त बुधवारी येतात. सानगडीहून सकाळच्या एस.टी.ने मी आणि शालू गेलो. एस.टी.ची पहिली पायरी उंच असते. मी दांडा धरते आणि शालू मागून कमरेला हात लावून मला चढवते. कॉलेजपासून हेच चालू आहे. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण अनोळखी लोक तिलाच मोठी समजतात.

मी दीड वर्षाची असताना मला ताप आला होता. तो गेला तेव्हा डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. तेव्हापासून मी डाव्या मांडीवर हात दाबून चालते. हात काढला की गुडघा पुढे मोडतो. मॅडमनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, पाय उचलायला लावला, वरून दाबून पाहिलं. म्हणाल्या, हा पाय दुसऱ्यासारखा होणार नाही, ते मनातून काढून टाक. पण मांडीच्या पुढच्या स्नायूत जेवढा जीव आहे तेवढाही तू वापरत नाहीस, सगळं काम हाताकडून करून घेतेस. तो स्नायू वाढवता येईल. मांडीवरचा हात सोडून चालायचं, हे आपलं ध्येय. मला ध्येय हा शब्द आवडतो. मी लगेच हो म्हटलं.

मग तो स्नायू नेमका कुठे असतो हे दाखवायला त्यांनी शालूला खुर्चीवर बसवून गुडघा सरळ करायला लावला. सलवारवरूनही मांडीचा उंचवटा दिसला. मॅडमनी त्यावर बोटाने टकटक केलं आणि मला म्हणाल्या, बघ, हा असा घट्ट झाला पाहिजे.

घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला नमुना म्हणून धाकट्या बहिणीची मांडी दाखवली. शालूला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती. येताना मी खिडकीपाशी बसले आणि तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं, दुखत असेल.


२१ एप्रिल

व्यायाम असा. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. नंतर झोपून सरळ पाय उचलायचा. नंतर खाटेच्या कडेला बसून गुडघा सरळ करायचा. ऐकायला काहीच नाही. करताना कपाळावर घाम येतो.

शालू टॉवेलऐवजी स्वतःचा तळहात गुडघ्याखाली ठेवते. म्हणते, टॉवेलले काय समजते तू किती दाबलं ते. आज म्हणाली, "दाब ना वो. माशी बसल्यावानी काय दाबते?" मला इतका राग आला की मी जीव खाऊन दाबलं. ती हात काढून झटकत म्हणाली की असं रोज चिडत जाय.

ती सकाळी तलावावरून येते, बैलांचं पाहते, भात-भाजी करते आणि मग माझ्यापाशी बसते. एवढं सगळं करून तिचे पाय थकत नाहीत. मी दिवसभर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असते आणि संध्याकाळी माझेच पाय दुखतात. देव वाटणी करताना कुठे पाहत होता कोण जाणे.


३० एप्रिल, बुधवार

आज दवाखान्यात शालूने मॅडमना विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय शिकावं लागते? मॅडम माझा पाय धरून होत्या, तो तसाच धरून तिला उत्तर देत राहिल्या. त्यांचं शिक्षण फार लांबचं आहे, सायन्स लागतं. पण नर्सबाईचा कोर्स भंडाऱ्याला आहे, त्याला बारावी झालेली असली की पुरे, आर्ट्‌सवालीही चालते. शालूने आणखी विचारलं, मॅडमनी आणखी सांगितलं. माझा पाय तेवढा वेळ हवेत.

मला हे आवडलं नाही. माझ्या पायाच्या वेळेत तिने स्वतःच्या गप्पा कशाला माराव्यात? बाईंवर छाप पाडायची, दुसरं काही नाही. तिला कुठलंही माणूस दोन मिनिटांत आपलंसं करता येतं. मी आधी वाक्य मनात जुळवते, तोपर्यंत लोक उठून गेलेले असतात.

बसमध्ये ती माझं अर्थशास्त्राचं जुनं पुस्तक वाचत होती. वेळ जात नाही म्हणाली. पुस्तक न विचारता घेतलं होतं.


११ मे, रविवार

समाजमंदिरात मी मुलींचा विनामूल्य वर्ग घेते, त्याला आज वर्ष झालं. त्यानिमित्त छोटं भाषण केलं. घरकाम, शेतकाम, धाकटी भावंडं, कोणत्याही कारणाने कोणत्याही मुलीने शाळा सोडता कामा नये. एका घरातली एक मुलगी शिकली तर ते घर उजळतं, आणि मी त्याचं उदाहरण म्हणून तुमच्यापुढे उभी आहे. बोलताना माझाच आवाज भरून आला.

नेमकी तेव्हा शालू दारात आली. बांधीतली, म्हणजे आमच्या धानाच्या शेतातली, धसकटं वेचून सरळ तिकडूनच, डोक्याला फडकं, ओच्यात रानातली पिकलेली टेंभरं. सगळ्या मुलींच्या माना तिच्याकडे. तिने टेंभरं वाटली आणि वर्ग संपला. माझं शेवटचं वाक्य राहूनच गेलं.

घरी येताना तिने विचारलं, "कोनत्याही कारनानं म्हंजे कोनत्याही?" मी म्हटलं, अर्थात. तिला भाषण कळलं नसावं, थकलेली होती.


२८ मे, बुधवार

मॅडमनी पाय दाबून पाहिला. त्यांच्या बोटांना माझ्या मांडीने विरोध केला. आधी नुसता पाय वर उचलला जायचा, आता वरून थोडं दाबलं तरी तो टिकतो. त्यांनी आता घोट्याला वजन बांधायला सांगितलं आहे.

घरी येताच शालूने जुन्या चादरीची नाडीवाली पिशवी शिवली आणि तिच्यात धान भरलं. मला खरंच आनंद झाला होता. पण दिवसभर आई ज्याला त्याला पिशवी दाखवत होती. पाय उचलला मी आणि नाव पिशवीचं झालं.


२ जून

उंदरांनी पिशवी कुरतडली. रात्रीत धान गायब. मला हसू आलं, आणि हसू आल्याचं थोडं वाईटही वाटलं. शालूने शांतपणे दुसरी शिवली, जाड कापडाची, आणि यावेळी तलावाची रेती भरली. भरलेली पिशवी हातात झुलवून पाहिली, थोडी रेती काढली, पुन्हा झुलवली. म्हणाली, एवढंच. याच्यावर टाकजो नको.


९ जून

आज जेवताना शालूने सगळ्यांसमोर सांगितलं की तिने बारावीच्या पुरवणी परीक्षेला नाव दिलं आहे. एकच विषय, अर्थशास्त्र. केंद्र साकोलीला. पेपर दहा जुलैला.

तिचा तो पेपर दोन वर्षांपूर्वी इथे गावातल्या केंद्रावर राहिला होता. त्याच दिवशी साकोलीला माझा बी.ए.चा पेपर होता, बाबूजी उन्हाळी धानाच्या पाण्यावर होते, आणि मला एकटीला एस.टी.त चढता येत नव्हतं. शालू माझ्याबरोबर आली. कोणी जबरदस्ती केली नव्हती, तीच येते म्हणाली होती. नंतर घरात तो विषय निघाला नाही.

आई म्हणाली, जुलैत धानाची रोवणी असते, तुले माहीत नाही का? मी म्हटलं, आता बारावी करून काय मिळणार आहे, दोन वर्षं गेली. मी तिच्या भल्यासाठीच म्हटलं. शालूने ताटातला हात थांबवला.

"ताई, तुहा पाय असा होता म्हणून तुले शाळेत बसवलं. माहे दोनी चांगले होते म्हणून मले बांधीत उभं केलं. एक पेपर आहे. तेवढा देऊ दे."

आणि भात कालवू लागली, जसं काही झालंच नाही.

हे खोटं आहे. मला शिकवलं कारण मी हुशार होते. चौथीत असताना गुरुजी स्वतः घरी आले होते, मला पक्कं आठवतं. बाबूजींना म्हणाले होते, ही शेतात चालणार नाही, हिला शिकवा. हुशार आहे हेही म्हणालेच असतील.

जन्मभर ज्या पायांकडे मी डोळे लावून बसले, ते तिला ओझं वाटतात. माणसाला मिळालेल्याची किंमत नसते.


२५ जून, बुधवार

भिंतीपासून मॅडमच्या खुर्चीपर्यंत मी मांडीवर हात न ठेवता चालले. गुडघा थरथरला, पण मोडला नाही. मॅडमनी टाळी वाजवली. शालूने ओढणी तोंडावर धरली होती. रडत होती की हसत होती ते कळलं नाही, पण त्या क्षणी सगळे माझ्याकडे पाहत होते.

त्याच भरात मी घरी येऊन बोलून गेले.

झालं असं की आमच्या बांधीची पाळी नेमकी दहा जुलैला ठरली आहे. रोवणीच्या बायकांचा ताफा आज हिच्या, उद्या तिच्या बांधीत असा फिरतो, आणि पाळ्या शकुनकाकी ठरवते. तिचा एक नियम आहे. ज्या घरची रोवणी, त्या घरचे दोन हात रांगेत पाहिजेत. "घरच्याच बसल्या तं आमी कायले वाकू?" असं म्हणून गेल्या वर्षी ती एका बांधीवरून सगळ्या बायका घेऊन परत गेली होती. आमच्या घरचे दोन हात म्हणजे आई आणि शालू. पाळी हलत नाही, उपटायला आलेली रोपं, म्हणजे पऱ्हे, थांबत नाहीत आणि या दिवसांत गावात रिकामी बाई सापडत नाही. आईने शालूला स्पष्ट सांगितलं, पेपर पुढच्या वर्षी.

मी म्हटलं, शालूच्या जागी मी उभी राहीन.

बाबूजींनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि मान फिरवली. आई उठून शकुनकाकीकडे गेली. काकीचा निरोप आला: "येऊ द्या बी.ए.ले. पन अर्ध्यातून काठाच्या धुऱ्यावर बसली तं मी बाया घेऊन जाईन."

नंतर शालूने मी न सांगता माझा पाय चेपून दिला. मला फार थोर वाटलं.


२ जुलै, बुधवार

मॅडमना रोवणीचं सांगितलं. त्या घाबरल्या, मग विचार करून म्हणाल्या की एका परीने जमेल. रोवताना पाय फारसा वाकत नाही, कमर वाकते. तसं पुढे झुकलं की गुडघा आपोआप मागे राहतो. अवघड काम चिखलातून पाय उपसून मागे टाकण्याचं आहे. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी असणार, तेव्हा तो हात मांडीला मिळणार नाही, हे लक्षात ठेव. मग शालूला म्हणाल्या, तू चांगली तयारी करून घेतलीस हिची.

मी करून घेतली माझी तयारी. घाम माझा आहे.


५ जुलै

आज बांधीवर गेले होते, नुसती पाहायला. शालू पऱ्हे उपटून पेंड्या बांधत होती. डोक्यावर ओल्या पेंड्यांचं टोपलं घेऊन ती निसरड्या धुऱ्यावरून गेली, एकदाही खाली न पाहता. पाणी गळून तिच्या मानेवरून पाठीवर वाहत होतं आणि ती पलीकडच्या बाईशी मोठ्याने काहीतरी थट्टा करत होती. मी धुऱ्याच्या या टोकाला मांडीवर हात दाबून उभी. निसरड्यावर हात सुटतच नव्हता.

घरी आले आणि पिशवीत मनाला येईल तेवढी रेती भरली. ती करते ते मी का करू नये? पाय वर गेला, पुन्हा गेला, मग गुडघ्यात काहीतरी झटक्याने ओढलं गेलं.

संध्याकाळी गुडघा सुजला होता. शालूने पिशवी उचलून पाहिली, नाडी सोडली आणि अर्धी रेती अंगणात ओतली. थंड पाण्याचं फडकं गुंडाळलं आणि पायाखाली गोधडी दिली. आई दारातून म्हणाली, म्हणजे रोवणीले शालूच.

शालू म्हणाली, पाहू ना, दिवस आहेत अजून.


८ जुलै

आज सकाळी पाहिलं तर सूज नव्हती. दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहिले. पाय सरळ केला, वाकवला. दुखलं नाही.

मी कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी शालू फडकं घेऊन आली. तिने गुडघ्यावरून तळहात फिरवला आणि हात तिथेच ठेवून थोडा वेळ बसून राहिली. मग विचारलं, अजून बांधू का? मी म्हटलं, बांध. तिने पाणी पिळलं आणि व्यवस्थित बांधलं. तिला काही कळलं नसावं. दिव्याचा उजेडही कमी होता.


९ जुलै, बुधवार

मॅडमकडे गेले नाही. त्यांनी हात लावला असता तर लगेच ओळखलं असतं.

इथे तरी खरं लिहिते. शालू हा पेपर पास होणार, मला माहीत आहे. मी तिला अभ्यास करताना पाहिलं आहे, चुलीपुढे, बैलांपुढे, पऱ्ह्याला पाणी सोडून धुऱ्यावर बसलेली. मग ती भंडाऱ्याला जाईल. पांढरा ड्रेस घालेल. लोक म्हणतील, ईश्वरभाऊच्या मुली, आणि माझ्याकडे पाहण्याआधी तिच्याकडे पाहतील. पाय तर तिच्याकडे आहेतच. आता शिक्षणही येईल. तिच्याकडे दोन्ही होतील. माझ्याकडे एकच आहे आणि तेही मग माझं एकटीचं राहणार नाही.

लोक लंगडी म्हणतात तेव्हा मी मनात म्हणते, पण बी.ए. आहे. उद्यानंतर काय म्हणायचं?

हे लिहिल्यावर वाटलं होतं की मन हलकं होईल. झालं नाही.

आई शालूला म्हणाली, सकाळी लवकर निघू. शालू हो म्हणाली. अर्थशास्त्राचं पुस्तक तिने माझ्या कपाटात जागेवर आणून ठेवलं आहे. मधल्या पानांना बांधीचा चिखल लागलेला आहे.


१० जुलै, गुरुवार

बोटं सरळ होत नाहीत, म्हणून अक्षर असं येत आहे.

सकाळी आई पुढे गेली. शालूने ओढणी कमरेला बांधली, माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "ताई, दुखत नसलं तं टॉवेलवाला व्यायाम करजो. पुढच्या बुधवारी मॅडम विचारतीन." मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. ती भांडली असती, रडली असती, तर मी घरीच बसले असते आणि मला काही वाटलं नसतं.

चहा संपला. फडकं सोडलं. धुऱ्यावरून जाताना मांडीवरचा हात काही सुटला नाही, तशीच गेले. बायका उतरायच्या बेतात होत्या. शकुनकाकी प्रत्येकीची पात ठरवून देत होती, तू इथून तिथपर्यंत, तू पुढची. आईशेजारची पात शालूची होती. तिच्या हातात पेंडी होती.

मी म्हटलं, "जा. बस चुकेल. सूज उतरली आहे."

"परवाच उतरली," शालू म्हणाली. "मीच तं बांधत होतो."

मला वाटलं, ती आणखी काही बोलेल. तिने पेंडी माझ्या हातात दिली आणि पळाली. चपला हातात, पाय चिखलाचे, धुऱ्यावरून घराकडे सरळ. मी तिच्या पायांकडे पाहत राहिले. असं कोणी पळू नये. आई म्हणाली, पाहते काय, उतर.

मी शालूसाठी उतरले असं कोणी समजू नये. त्या "परवाच"नंतर मला धुऱ्यावर उभं राहवेना, एवढंच.

शकुनकाकी म्हणाली, "आली वं बी.ए. आता पऱ्हे इंग्रजीत लागतीन." सगळ्या हसल्या, आईसुद्धा. मग सगळ्या वाकल्या आणि मीही वाकले.

चिखलाने डावा पाय पोटरीपर्यंत चारी बाजूंनी धरला. मला वाटलं होतं गुडघा मोडेल, पण तो उभा राहिला, मॅडम म्हणाल्या होत्या तसाच. मग मागे सरकायची वेळ आली. डाव्या हातात पेंडी, उजव्या हातात चार काड्या, आणि पाय चिखलातून निघेना. मांडीवर हात नेता येत नव्हता. मी मांडीलाच सांगितलं, ओढ. बऱ्याच वेळाने सुप् असा आवाज झाला आणि पाय मागे गेला. तोवर रांग माझ्या बरीच मागे सरकली होती आणि मी पुढे एकटी राहिले होते.

माझे पऱ्हे नीट रुतत नव्हते. काकी म्हणाली, "तुहे पोहून राहिले वो, अंगठ्यानं दाब." दाबले. पुन्हा पोहले. पुन्हा दाबले. मधेच तोल गेला आणि मी चिखलात बसले. कोणीही धावून आलं नाही. काकी वाकल्यावाकल्याच म्हणाली, "बसली का? उठ. इथं समद्याच बसतात." उजव्या पायावर जोर देऊन उठले. आई माझ्याकडे पाहत नव्हती, पण माझ्या बाजूची तिची ओळ हळूहळू माझ्या पातीत शिरत होती. पलीकडून काकीचीही. माझी पात अरुंद होत होती आणि मी ती होऊ दिली.

दुपारच्या शिदोरीला धुऱ्यावर बसले तेव्हा डावी मांडी आतून कापत होती. काकीने माझ्या पायाकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, निर्मला, थकली पोरगी. आई म्हणाली, मग? काकी म्हणाली, मग काय, भाकर खाऊ दे नीट. आणि स्वतःची चटणी माझ्या भाकरीवर ठेवली. मी पुन्हा उतरले.

एक गोष्ट लक्षात आली. वाकलेल्या बायकांत कोण लंगडी आहे हे दिसत नाही. सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात. आणि सगळ्यांचेच पाय अडकतात, शिव्या देऊन उपसले जातात. शालूचे पायही आजवर असेच अडकले असतील. मी इतकी वर्षं धुऱ्यावरून पाहत होते, तिथून हे दिसत नाही.

ऊन उतरताना शालू आली. स्वच्छ ड्रेस, केसांना तेल, हातात प्रश्नपत्रिकेची घडी. सगळ्यांच्या पाती धुऱ्याला लागल्या होत्या, बायका हातपाय धूत होत्या. फक्त माझ्या पातीचा तुकडा धुऱ्याच्या अलीकडे उघडा होता. शालूने सलवार वर खोचली आणि पाण्यात पाय टाकला. मला दिसलं की तिला हे पाच मिनिटांचं काम आहे.

"माझ्या पातीला हात लावू नको," मी म्हटलं.

तिने पाय काढून घेतला. "मंग काय करू?"

"पेपर वाच."

ती माझ्या मागे धुऱ्यावर उभी राहून प्रश्न वाचू लागली. प्रत्येक प्रश्नाला मी विचारलं, काय लिहिलंस? घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत उदाहरणासह स्पष्ट करा. शालू म्हणाली, "मी बांधीतल्या पान्याचं लिहिलं. पहिलं पानी दिलं का धान वर येते. दुसऱ्यानं बी येते, पन तेवढं नाही. मंग देतच राहिलं तं पिवळं पडते." मी बी.ए.ला हेच उत्तर पुस्तकातल्या शब्दांत पाठ करून लिहिलं होतं. परीक्षकाला तिचं पाणी चालेल की नाही, मला माहीत नाही. मला ते सुचलं नसतं एवढं कळलं, आणि छातीत पुन्हा जळजळलं, अगदी पहिल्यासारखं. मी मान वर केली नाही.

म्हटलं, "बरोबर आहे. पुढचा."

ती वाचत गेली. मी चार काड्या घेत होते, अंगठ्याने दाबत होते, पाय उपसून मागे टाकत होते. शकुनकाकी पाय धुऊन झाल्यावरही गेली नव्हती, बायकांनाही तिने थांबवून धरलं होतं. शेवटी डाव्या पायाची टाच धुऱ्याला लागली. शालूचे दोन प्रश्न बाकी होते. मी तिथेच वाकलेली राहिले आणि तिला म्हटलं, थांबलीस का, वाच.